केळ्या मस्कतला निघाला त्याची हकीकत

मेहरूण, जळगाव
सप्टेंबर १९८९

चि. मोतीलालभाऊजी यांस लिलावहिनीचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल आहोत, माय बऱ्या आहेत, गुडघे सोडून. तुमचे भाऊही बरे आहेत, पण मुंबईहून आल्यापासून फारसे बोलत नाहीत, म्हणून हे पत्र मलाच लिहावं लागतंय. तुमचा खोकला गेला का? खोबरेल गरम करून छातीला चोळा, तिकडच्या बाटल्यांवर भरवसा ठेवू नका.

तर, केळ्या मस्कतला आलेला नाही, हे अमीनभाईंनी तुम्हाला विमानतळावरच सांगितलं असेल. केळ्या घरी आहे आणि आत्ता माझ्या पायाशी झोपला आहे. हे कसं झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे दोष कोणाचा ते तुमचं तुम्ही ठरवा. माझा नाही.

तुमचं आषाढातलं पत्र तुमच्या भावांनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. केळ्याला सुट्टीवर आलेल्या अमीनभाईंबरोबर पाठवा, साहेबाने कुत्रं ठेवायची परवानगी दिली आहे, तो सोबतीला असला तर मी नवीन करार करून आणखी चार वर्षं सहज काढीन, असं तुम्ही लिहिलं होतं. (हे वाक्य तुमच्या भावाने दोनदा वाचलं. एकदा मनात वाचलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.) माय भाकरी तव्यावर टाकून उठून गेल्या. भाकरी जळाली. मी काही बोलले नाही, कारण सासू-सुनेच्या घरात जळालेल्या भाकरीबद्दल जो बोलतो तो फसतो.

मग तयारी लागली. आधी गुराढोरांच्या डॉक्टरांकडे सुई. केळ्याने मुकाट्याने टोचून घेतली, तुमच्या भावाला मात्र सुई बघून घेरी आली आणि डॉक्टरांनी त्यांनाच बाकावर निजवून पाणी पाजलं. मग पेटी. ती फारुख मिस्त्रींनी केली. परदेशात आपल्या गावाची लाज जायला नको म्हणून सागवानी फळ्या, वर पॉलिश, पितळेची कडी आणि पुढच्या दाराला जाळीदार नक्षी. अहो, माझ्या लग्नातलं कपाट एवढं देखणं नव्हतं! केळ्या काही केल्या आत जाईना. शेवटी मी कळण्याची भाकरी आणि भरीत आत ठेवलं, तेव्हा गेला, आणि मग बाहेर येईना. आठवडाभर आम्ही त्याला आत ढकलायची नाही तर बाहेर ओढायची मेहनत केली. तिकडे इंग्रजी चालतं म्हणून तुमचे भाऊ त्याला रोज सकाळी ‘सीट, सीट’ म्हणायचे. तो बसायचा, पण त्याला बसायचं असेल तेव्हाच. तिकडच्या उन्हाची मात्र कोणी काळजी केली नाही. जळगावचा मे महिना ज्याने ट्रकखाली झोपून काढला, त्याला मस्कत काय करणार?

डॉक्टरांनी केळ्याला नाकापासून शेपटीपर्यंत तपासून दाखला दिला. तब्येत उत्तम, रंग पूर्ण पांढरा, अंगावर कुठेही डाग नाही. दाखला भावांनी देवघरात ठेवला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मध्ये पोळा आला.

मामंजी गेले आणि बैलजोडी विकली, तेव्हापासून आपल्या घरी पोळ्याला कोणाला पुजायचं हा प्रश्न होता. यावलच्या केळीच्या ट्रकमधून तुम्ही हे पिल्लू उचलून आणलंत आणि त्याच वर्षी माय त्याला ओवाळून म्हणाल्या होत्या, “बैल नही ते काय व्हयनं, चार पाय ते शेतस ना!” तेव्हा तुम्हीच हसून त्याला फुगे बांधले होते, विसरू नका. दरवर्षी त्याच्या अंगावर गेरूचे हाताचे छाप उठतात आणि दुसऱ्या दिवशी एका बादलीत निघून जातात. यंदा माय म्हणाल्या, गेरू लगेच धुतला जातो, पोरगं परमुलखात जातंय, यंदा मेंदी. भिजवलेली मेंदी त्यांनी दोन्ही तळहातांना फासली आणि केळ्याच्या दोन्ही कुशींवर, पाठीवर आणि कपाळावर छाप मारले. वरून मांडे खाऊ घातले. केळ्या दिवसभर मांड्यांच्या आशेने निश्चल बसला आणि मेंदी अशी रंगली की काय सांगू, नवरीची रंगत नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी होती. मुंबईला विमानतळावरच्या साहेबाने दाखला वाचला, केळ्याकडे पाहिलं, पुन्हा दाखला वाचला. भावांनी पोळा समजावून सांगितला. साहेबाने एवढंच विचारलं, की पोळा बैलांचा, तर मग हा कोण? म्हणाला, एक तर हे दुसरं कुत्रं आहे, नाही तर याला कातडीचा रोग आहे, आणि दोन्ही विमानात बसत नाहीत. भावांनी केळ्याला नळाखाली धरून साबणाने घासलं. तांबडा रंग आणखी उजळला. अमीनभाईंची वेळ झाली, ते बिचारे केळ्याची बिस्किटं घेऊन एकटेच विमानात चढले.

परतीला केळ्या पेटीतून रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये आणि तुमचे भाऊ डब्यात उभ्याने. दारात टांगा थांबला तशा माय भाकरतुकडा घेऊन तयारच. तुकडा केळ्यावरून ओवाळून लांब फेकला, तर तो केळ्यानेच धावत जाऊन झेलला आणि खाल्ला. म्हणजे स्वतःची दृष्ट स्वतःच गिळली. माय इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. मग पदर बराच वेळ तसाच राहिला. आत जाताना म्हणाल्या, “कुत्रं गयं, ते मन्हा मोती घर कसाले ई?” कुत्रं गेलं की तुम्ही घरी कशाला याल, ही त्यांची धास्ती ऐकून मला फार वाईट वाटलं, भाऊजी. पण मी त्यांना चांगलं सुनावलं, की असं करू नये, तुमच्या लेकाने हौसेने मागितलं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रंग गेला की डॉक्टर पुन्हा दाखला देतील.

तुमची वहिनी,
लिलाबाई

ता.क. नव्या करारावर सही केली नसेल तर जरा थांबा, घाई करू नका.

ता.क. रंग इतक्यात जाईलसं दिसत नाही. आज सकाळी फिकट पडलेल्या छापांवर मायंनी पुन्हा मेंदी लावली.

ता.क. मायंना गुडघ्यांमुळे बाजारात जाता येत नाही, तेव्हा मेंदी आणतं कोण हे विचारू नका. दिवाळीपर्यंत पुरेल एवढी आणून ठेवली आहे. तुम्ही दिवाळीला घरी आलात तर उरलेली मी केसांना लावीन.