हाराखालची जागा

प्रिय स्वप्नील,

खंडेनवमीच्या सकाळी मी नेहमीसारखा पहिल्या पाळीच्या आधी कुंभिवलीच्या कारखान्यात पोचलो. सव्वीस वर्षं पत्रा दाबून कापणाऱ्या आमच्या प्रेसची पूजा मीच करतो. यंदा हळदकुंकू लावताना दिसलं, की हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी काढलेली आहे. जाळी असली की माल हळू निघतो, म्हणून काढली असणार. पूजेच्या दिवशी वाईट कशाला बोला, असं म्हणून मी झेंडूचा हार नेमका त्या मोकळ्या जागेवर बांधला. साहेबांनी फोटोही काढला.

घरी येऊन तुझ्या गेमच्या मशीनलाही फूल वाहिलं. तू पुण्याला गेल्यापासून ते टीव्हीखाली तसंच आहे. शाळेत असताना तू हट्टानं ते पूजेत मांडलंस, तेव्हा तुझी आई हसली होती, "कोयत्याशेजारी हे काय रं?" पण तू हात जोडून डोळे मिटलेस आणि मला बरं वाटलं होतं.

म्हणूनच पुण्याला जाण्याआधी तू त्या मशीनच्या कंपनीविरुद्ध नेटवर लिहिलंस, तेव्हा ते मला पटलं नाही. खेळायचा कंट्रोलर हात न लावताही आपोआप खेळ डावीकडे ओढतो, शेकडो जणांचा ओढतो, आणि कंपनी म्हणते तुम्हीच आपटला असेल. एवढंच तू लिहिलं होतंस. तुझ्याच गेमच्या ग्रुपमधली मुलं तुझ्यावर तुटून पडली. कुणी गद्दार म्हणालं, कुणी म्हणालं, "एवढं खुपतंय तर विकून टाक ना." तू मला सगळं वाचून दाखवलंस आणि विचारलंस, "अण्णा, मला आवडतं म्हणूनच बोललो ना? बाकीच्यांना काय पडलीय?" मी देवापुढची वात सारखी करत होतो. मान वर न करता म्हणालो, "ज्याला हात जोडले त्याला चारचौघांत नावं ठेवू नयेत." तू लिहिलेलं पुसून टाकलंस. पुन्हा कंट्रोलर हातात घेतला नाहीस, माझ्याशीही कामापुरतंच बोलायला लागलास. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी त्या प्रेसखाली कोंडाजीची तीन बोटं गेली. आपल्या कोंडाणे गावच्या भजनात पखवाज वाजवणारा कोंडाजी. वाळलेला हार बाजूला सरकवून काम चालू होतं. कारखान्यानं अहवालात लिहिलं, कामगाराचं लक्ष नव्हतं. ते वाचलं आणि मला तुझा कंट्रोलर आठवला. इस्पितळात गेलो तर उलट कोंडाजीच म्हणाला, "दादा, माजंच चुकलं आसंल. तुमी तर पूजा केली व्हती." मला तिथे उभं राहवेना. आता भजनाला कोपऱ्यात पखवाज झाकून ठेवलेला असतो आणि मी अभंग अर्ध्यावर विसरतो. हात जोडायचे म्हणजे तोंडही मिटायचं, असंच मी जन्मभर धरून चाललो होतो.

काल सरकारी निरीक्षक अपघाताच्या चौकशीला आले. जुना, विश्वासाचा माणूस म्हणून साहेबांनी मलाच पुढे केलं. खंडेनवमीला जाळी नव्हती, मी ते पाहिलं आणि वर हार बांधला, असं सगळं मी सांगितलं. साहेब एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." उद्या गेटमधून आत घेतील की नाही, ठाऊक नाही. कोंडाजीची बोटं तर गेलीच. पण तू विचारलेल्याचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं होतं, म्हणून लिहितोय. तुझं चुकलं नव्हतं रं. चुकलं माझं, आणि तसं काल मी साहेबांसमोर निरीक्षकांना सही करून लिहून दिलं.

तुझाच,
अण्णा