गाडी कोण चालवतं

१० नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा शाळेचा मेसेज — ‘आपली पाल्य संस्कृती पहिल्या तासिकेस गैरहजर.’ आपली पाल्य! मी तिची बहीण. पण शाळेत पालक म्हणून नंबर माझा आहे. प्रवेशाच्या वेळी अप्पा म्हणाले होते, तुझाच टाक, मॅडम इंग्रजीत बोलल्या तर मी काय सांगू? तेव्हा किती बरं वाटलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी. धाकटीचं शिक्षण मीच नीट मार्गी लावणार, असं मनाशी ठरवूनच टाकलं.

हे सगळं स्कूटीमुळं. ती पहाटे गणिताच्या क्लासला जाते, तिथून थेट शाळा. दहावीतली मुलगी, लायसन्स नाही, तरी मीच चावी दिली. मुलीनं धीट व्हावं म्हणून! आता क्लास सुटला की मैत्रिणींना मागं बसवून हिंडत असणार. विचारलं तर खाली मान.

११ नोव्हेंबर

चावी काढून घेतली. वाटलं होतं भांडेल. भांडली नाही. नुसती अप्पांकडं बघत राहिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अप्पांनी आपणहून सांगितलं — पहाटे भाजी भरायला जाधववाडीच्या मार्केटला जातोच, टेम्पोतून हिला क्लासला सोडत जाईन. मला फार बरं वाटलं. आजवर शाळेचं काहीही असलं की ‘सरिताला विचार’ म्हणायचे. बापानं लक्ष घातलं की मुलं सुधारतात, हे मी कितीदा वाचलंय. आमच्या घरात ते पहिल्यांदा होतंय.

१४ नोव्हेंबर

आज दोन तास बुडवले तिनं. दोन!

१७ नोव्हेंबर, सोमवार

शाळेनं बोलावलं. वर्गशिक्षिका रत्नमाला मॅडम. मी पालकांच्या बाकावर बसले होते, शेजारी माझ्या आईच्या वयाच्या बायका. मॅडमनी हजेरी सांगितली. असंच चाललं तर बोर्डाच्या परीक्षेला बसवता येणार नाही म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून विचारलं, “आधी पहिलाच तास बुडायचा, आता तीन-तीन बुडतात. गेल्या आठवड्यात घरी काही बदललं का?”

मी म्हटलं, बदललं ना, शिस्त लावली. गाडी बंद केली.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मी गणित चुकवल्यासारखं.

घरी आल्यावर संस्कृतीला म्हटलं, तुला कळतंय का, वर्ष जाईल. मी या घरातून बी.ए. झाले तेव्हा नळावर उभी राहून पुस्तक वाचायचे. ती म्हणाली, “तुझं झालं ना ताई. मग बस की.” आई हसली. मला राग आला, आणि रडूही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचं लिहून ठेवते.

माझी स्पर्धा परीक्षा जवळ आली म्हणून आज अभ्यासिकेत लवकर जागा धरायला गेले. औरंगपुऱ्यात अजून अंधारच होता. भाजीवाल्यांच्या पाट्या उतरत होत्या. समोरून आमचा टेम्पो आला. ओळखायला वेळ लागत नाही — काचेवर अप्पांनी रंगवून घेतलंय, ‘सरिता बी.ए.’ मार्केटात त्याला बीएची गाडी म्हणतात. मी हात वर केला.

अप्पा डावीकडं बसले होते. स्टिअरिंगवर संस्कृती.

तिनं गर्दीतून गाडी अशी अलगद काढली, की एक क्षण मला अभिमान वाटला. खरंच वाटला! गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. अप्पा उतरले, मागं गेले आणि फाळक्याच्या कडीसाठी हवेत चाचपायला लागले. कडी हाताच्या शेजारी होती. संस्कृती खाली उतरली, त्यांचा हात धरून कडीवर ठेवला. रोजचं असावं.

मी हाक मारली नाही. परत आले.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी

संस्कृतीला गच्चीवर नेऊन विचारलं. सगळं सांगितलं तिनं, अगदी शांतपणे. साखरेनं अप्पांचे डोळे गेलेत. डाव्यानं नुसता धूर दिसतो. उजव्यानं दिवसा भागतं, पण अंधारात समोरून दिवे आले की काहीच दिसत नाही. पोळ्यापासून तीच चालवते. क्लास असा नाहीच. आधी स्कूटी औरंगपुऱ्यात लावून तिथून टेम्पो हातात घ्यायची, भाजी पोचवून स्कूटीवरच शाळा गाठायची. पहिला तास तेवढा चुकायचा. मी स्कूटी बंद केली. मग औरंगपुऱ्यातून चालत, नाहीतर मिळेल त्या रिक्षानं.

म्हणजे तीन तास बुडवले ते मीच!

“मला का नाही सांगितलंस?”

“अप्पा म्हणाले, तिची परीक्षा होऊ दे.”

मग म्हणाली, “आणि ताई, मला आवडतं. शाळेत मला कोण विचारतं? तिथं सगळे म्हणतात, पुंजारामच्या पोरीचा हात बसलाय.”



२० नोव्हेंबर, गुरुवार

अप्पांशी बोलले. आधी हसण्यावारी नेलं — “मला मार्केट पाठ हाय. डोळे मिटून जाईन.” मी म्हटलं, तेच तर करताय. मग कबूल केलं. दवाखान्यात गेले होते, मला न सांगता. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलंय.

मी कायदा सांगितला. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवली, तर शिक्षा पालकाला, किंवा ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला. टेम्पोची गाडी माझ्या नावावर आहे. सुशिक्षित बेरोजगाराला कर्ज मिळतं म्हणून मी बी.ए. झाल्यावर घेतली. हप्ते याच उन्हाळ्यात फिटले. शाळेत पालक मी, कागदावर मालक मी, आणि गाडी कोण चालवतं हे मला रस्त्यावर उभं राहून कळावं. एकदा विचारलं नाही मला कुणी!

आई म्हणाली, “तू शिकली म्हणून घराची मास्तरीण झाली का? गाडी थांबली तर तुझ्या अभ्यासिकेची फी कोण भरणार?”

मी म्हटलं, ड्रायव्हर ठेवा. अप्पा म्हणाले, ड्रायव्हर ठेवला तर चूल त्याच्याच घरी पेटेल. मग आवाज खाली आणून, “मार्चपर्यंत चालू दे सरिता. दहावी झाली की बंद. लई दिवस नाय राहिले.”

कसला हिशेब चाललाय — दहावी होईपर्यंत गाडी, आणि गाडीपायी दहावीच नाही.

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. स्कूटीची चावी तेवढी संस्कृतीच्या दप्तरात ठेवली. पहिल्यानंतरचे दोन तास तरी मिळतील. मी, जिनं कॉलेजात वाहतूक सुरक्षेवर भाषण केलं होतं!

२२ नोव्हेंबर

आज मेसेज फक्त पहिल्या तासाचा. आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मालनबाईच्या पायावरून चाक गेलं.

औरंगपुऱ्यात कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात त्या. संस्कृती गाडी मागं घेत होती. अप्पा मागं उभे राहून हात हलवत होते — येऊ दे, येऊ दे. ती त्यांच्या हाताकडं बघून घेत गेली. मालनबाई त्यांच्या डाव्या अंगाला बसल्या होत्या.

संस्कृती घरी आल्यापासून मोरीत बसून आहे. पाणी सुरू ठेवलंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

घाटी दवाखान्यात जाऊन मालनबाईंना भेटले. पंजाची हाडं मोडलीत, प्लास्टर आहे. डॉक्टरांना त्यांनी सांगितलंय की बटाट्याची गोणी पायावर पडली. मी म्हटलं, मावशी, खरं का नाही सांगितलं? मी आले असते तुमच्यासोबत.

त्या म्हणाल्या, “तुझ्या बापाचं नाव सांगून मला नवा पाय मिळणार व्हय?” मग माझा हात ओढून जवळ घेतलं. “पोरगी गुणाची हाय. येऊ दे म्हणणाऱ्यालाच दिसत नाय, तर ती काय करील? तिला म्हणावं जेव. जेवली का ती?”

सगळ्या मार्केटला ठाऊक होतं. सगळे सांभाळून घेत होते. सगळे चांगले आहेत. उद्या त्या कोपऱ्यावर एखादं लेकरू बसलेलं असेल, तेव्हाही सगळे चांगलेच असतील.

२६ नोव्हेंबर

संस्कृती शाळेत गेली नाही. मार्केटलाही नाही. अप्पा एकटेच टेम्पो घेऊन गेले. परत येईपर्यंत आई दारात उभी होती. मी आत, पुस्तक उघडून. एक ओळ वाचली नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. संस्कृतीचं अंथरूण रिकामं. काल आईला म्हणाली होती म्हणे, “त्यांना एकट्याला कसं सोडू?” रडत रडत गेली, आई सांगत होती.

म्हणजे ती त्यांना जपतेय, ते मला जपतायत, आई सगळ्यांना. या घरात गाडी बंद करायला कुणीच मोकळं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

बीएची गाडी विकली. बिडकीनच्या एका माणसानं घेतली. सही माझीच लागत होती. सोमवारपासून शेंद्र्याला कंपनीत रुजू होतेय. अभ्यासिकेतली पुस्तकं घरी आणली. संस्कृती वेळेवर शाळेत गेली. जाताना आईला सांगून गेली, मला नाही.

अप्पा दिवसभर ओट्यावर बसून होते. मी चहा नेऊन दिला तेव्हा एवढंच म्हणाले, “एकदा विचारायचं तरी.”