कुलूप लावायच्या आधी

सुवार्ता बेटा,

तू शाळेत शिकवून घरी येईपर्यंत मी विसरून जाईन, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. आज मी दार लय वाजवलं. शेजारच्या शालूबाई धावत आल्या, पण चाबी तुह्याजवळ. मी खिडकीतून ओरडलो, सुनेनं मले कोंडलं म्हणून. माफ कर. मांगच्या महिन्यात मी अमडापूरच्या स्टँडवर हरवलो होतो, म्हणून हे कुलूप, असं शालूबाईनंच मले सांगितलं.

मंग प्रार्थनेले बसलो, तर प्रभूची प्रार्थना अर्ध्यातच विसरलो. लय भेव वाटलं. समोर डाळिंबावर बुलबुलाचा खोपा आहे. पिल्लायले पंख नाहीत, कुठी जातीन? माय उडाली की चोची वासून पडून राहतात. पण ती दर खेपेले आली. येशूच तिले धाडते, असं वाटलं आन् जीवात जीव आला. माह्यासाठी तर तो तुले धाडते.

पोळी खाल्ली. गोळी खाल्ली का, आठवत नाही, डबी पाह्य.

उद्या ही चिठ्ठी मले वाचायले दे. ‘हे माह्यं अक्षरच नाही’ असं म्हणून मी भांडीन. तरी वाचायले लाव, मंगच कुलूप घाल.

बाबा