मुलीच्या मामाचा मुक्काम विमानतळावर

शुक्रवार, सकाळ
(गावाचं नाव लिहीत नाही. तीन दिवस कानांवर पडतंय, पण अजून जिभेवर बसलेलं नाही.)

तीर्थरूप ताईस,

शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार. (तीन दिवस विमानतळाच्या फरशीवर आडवा आहे, तेव्हा साष्टांग हा शब्द या वेळी केवळ रिवाज म्हणून लिहिलेला नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाब कसा आहे हे विचारायला मला तोंड नाही, कारण तो ज्याच्यामुळे वाढला असेल तोच हे पत्र लिहितो आहे. चि. अश्लेषाला थंडीत बाहेर फिरू देऊ नकोस. डिसेंबरात तुमच्या लोणावळ्याचं वारं वाईट, आणि शिंकणारी नवरी फोटोत बरी दिसत नाही.

विशेष हे, की मंगळवारी फोनवर मी "ताई, इथे बर्फ पडतोय" एवढंच म्हणालो आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. तुझं ते "बरं" मी पाच वर्षांचा असल्यापासून ओळखतो. त्याच्या पाठोपाठ माझा कान पिळला जायचा. त्यामुळे ठरवलं, की घडलं ते सगळं लिहून काढावं आणि लग्न पार पडून, पाहुणे वाटेला लागून, तू पाय वर घेऊन खुर्चीत बसलीस की मी स्वतः हे पत्र तुझ्या हातात द्यावं आणि बाहेर ओट्यावर जाऊन थांबावं. समोर असलो की तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद विमानतळाचाच आहे. प्रवाशांनी तक्रारी लिहाव्यात म्हणून इथे फॉर्मचे गठ्ठे ठेवलेत. पुढच्या बाजूला त्यांची भाषा, मागे माझी. तक्रार दोन्हीकडे सारखीच.

तू मला बजावलं होतंस, हे आधीच कबूल करतो. "लग्न होईपर्यंत कुठे उलथू नकोस," असं तू श्रावणातच म्हणाली होतीस. पण आमच्या सुश्रुतने कॅनडाचं तिकीट पाठवलं, हिला नातू बघायचा होता, आणि मी हिशेब केला की रविवारचं लग्न, मी सोमवारी निघून बुधवारी घरी, म्हणजे हाताशी चांगले तीन दिवस. (ही नातवापाशीच राहिली आहे. सुटली.) एकतीस वर्षं मी तळेगावच्या शाळेत भूगोल शिकवला. हिमवृष्टी हा धडा मी फळ्यावर खडूची पूड उडवून शिकवायचो, मुलं खूश व्हायची. सुश्रुतकडे यंदा नुसता पाऊस होता; खरा बर्फ पाहिला तो मंगळवारी, विमान बदलायला इथे उतरलो तेव्हा, काचेपलीकडे. पहिली पाच मिनिटं फार सुंदर वाटलं. मग पाटीवरची सगळी विमानं एकेक करून लाल अक्षरांत गेली. हाताशी ठेवलेले तीन दिवस आता पायाखाली गेले आहेत, आणि परीक्षेत या धड्याला मी नेहमी दोनच गुण ठेवत असे, याची आज लाज वाटते.

ताई, भावोजी जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस. अश्लेषाची फी असो, घराचं छप्पर असो, तू एकटीने रेटलंस. या लग्नात मात्र पहिल्यांदा म्हणालीस, "शरू, बाकी सगळं मी बघते. तू फक्त तिला मांडवात घेऊन ये आणि तिच्या पाठीशी उभा राहा." एवढंच काम. बारा सतराचा मुहूर्त, भटजी म्हणणार मुलीच्या मामांनी मुलीला आणावं, आणि मामा इथे सरकत्या जिन्याखाली मोजे वाळत घालून बसलेला. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: भटजी हाक मारतात आणि बाजीराव पुढे होतात. भावोजींचा हा चुलतभाऊ साखरपुड्यातच मला म्हणाला होता, "मामा वेळेत आले तर ठीक, नाहीतर आम्ही आहोतच की." तेव्हाच त्याने नवी टोपी घेतली होती. जो माणूस पोरीच्या दहावीला, बारावीला, भावोजींच्या आजारपणात कधी फिरकला नाही, तो तिच्या पाठीशी उभा राहून फोटोत येणार, या विचाराने माझा जीव कासावीस होतो.

इथे मला सोबत आहे ती सरूबाईंची. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या कडेला त्यांचं गाव. मुलगी रुपाली आयर्लंडात नर्स आहे, तिच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मंगळवारी मी एका खांबाशी उभा राहून स्वतःशीच मराठीत पुटपुटत होतो (शब्द लिहिण्यासारखे नव्हते), तर चाकाच्या खुर्चीतून आवाज आला, "गुरुजी, बर्फाला शिव्या दिऊन तो थांबतो व्हय? बसा हितं." मी गुरुजी आहे हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे, बहुधा शिव्यांतल्या शुद्धलेखनावरून. खुर्ची लेकीने हट्टाने मागवून दिलेली. बाई घरी रोज भाताच्या खाचरांतून चार मैल चालते, पण या खुर्चीमुळे तिला सगळीकडे आधी सोडतात हे तिने पहिल्या तासात हेरलं होतं. मला लाज वाटून मी खुर्ची नको म्हणालो होतो. त्याची फळं मी उभ्याने भोगतो आहे. त्यांच्या पिशवीत रुपालीने दिलेल्या तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी निघाली. मंगळवारी आणि बुधवारी दुपारी आम्ही तीच खाल्ली. मी दर घासाला भाचीचं लग्न सांगत होतो आणि त्या ऐकत होत्या. बुधवारी संध्याकाळपासून मात्र त्या जेवल्या नाहीत. थंडीने भूक मेली म्हणाल्या. मी त्यांच्या वाटणीचीही भाकरी खाल्ली आणि बोलत राहिलो.

आता गुरुवारचं सांगतो. हे तुला लग्नानंतरच कळावं म्हणून हे सगळं पत्र आहे. अश्लेषाची मामाकडची पिवळी साडी, गौरीहर पूजायला बसताना नेसायची ती, मी ऑगस्टमध्येच पुण्यातून घेऊन ठेवली होती. बंद घरात ठेवली तर उंदीर कुरतडतील म्हणून ती मी कॅनडाला नेली. (आमच्या घरातल्या उंदरांनी गेल्या वर्षी माझी पेन्शनची फाइल खाल्ली होती, तेव्हा त्यांची आवड उंची आहे.) तिकडे हिने तिला फॉल लावला, आणि मोठी बॅग हरवली तर पंचाईत नको म्हणून परत येताना ती हातातल्या कापडी पिशवीत घेतली. गुरुवारी सकाळी नव्या तिकिटाच्या खिडकीपुढे रांग लागली. दोनशे माणसं. दोन तास उभा राहिलो, पाय भरून आले, चहाची तलफ आली. मग मी तेच केलं जे आपण गॅसच्या रांगेत करतो, रेशनच्या रांगेत करतो, तू स्वतः दूध केंद्रावर आयुष्यभर केलंस. माझ्या जागेवर पिशवी ठेवली, मागच्या गोऱ्या गृहस्थांना मान हलवून "जरा बघा" अशी खूण केली, आणि चहाला गेलो.

परत आलो तर रांग नव्हती. माणसंही नव्हती. दोनशे माणसांना दोरीपलीकडे ढकललं होतं, मधल्या मोकळ्या मैदानात माझी पिशवी एकटी बसली होती (तळेगावच्या कापडवाल्याचं नाव आणि खाली "आमची कोठेही शाखा नाही"), आणि तिच्याभोवती एक काळा कुत्रा फिरत होता. मी "माझी, माझी" म्हणत धावलो. ताई, या देशात अशा वेळी धावायचं नसतं. पुढचे तीन तास मी एका खोलीत होतो. एका उंच बाईने हातमोजे घालून साडीची घडी मोडली, फॉलच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं हे काय आहे. मी माझ्या इंग्रजीत सगळं सांगितलं: मामा, मांडव, मुहूर्त, बाजीराव. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलीला स्वतःला चालता येत नाही का?

सोडलं तेव्हा खिडकी पुन्हा उघडत होती आणि दोनशे लोक माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांच्या मुलांच्या मुंजी मीच मोडल्या. मला रांगेत कोणी उभं राहू देईना. तेवढ्यात सरूबाईंनी खुर्चीतूनच माझा शर्ट ओढला. "ढकला मला. भाऊ हाय माजा म्हनून सांगते." तशी ती खुर्ची ढकलत मी सगळ्यांच्या पुढे गेलो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, प्रतीक्षायादीत पहिलं नाव कोणाचं? बाई मला म्हणाल्या, "आदी तुमचं घाला गुरुजी. लगीन काय थांबतंय व्हय?" म्हणून मी पहिला, त्या दुसऱ्या.

आज बर्फ थोडा कमी आहे. दीड वाजता एक विमान मुंबईला जाईल म्हणतात, आणि त्यात एखादी जागा सुटेल म्हणतात. सुटली तर उद्या उजाडता मी मुंबईत, दुपारी तुझ्या दारात. सुटली नाही तर पुढचं सोमवारी संध्याकाळी, म्हणजे अश्लेषा सासरी गेल्यावर. मी तीन दिवसांत दाढी केलेली नाही, मोजा एकच उरला आहे, आणि काहीच धड होईलसं वाटत नाही. घरातल्या सर्वांना यथायोग्य. बाजीरावांना काही सांगू नकोस.

तुझा धाकटा,
शरच्चंद्र

ता. क. (दुपारी सव्वाबारा) हे पत्र तुला सरूबाईंनी दिलं असेल. साडीही त्यांच्याकडेच आहे. पिशवीवर इथल्या पोलिसांची पट्टी चिकटवलेली आहे, ती साडीला न लागता काढ. साडीला इस्त्री कर, घडी परक्या हातांनी मोडली आहे. माझ्या हातून ती पुन्हा कुठल्या तरी रांगेत राहील म्हणून त्यांच्याकडे दिली असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांना ते लगेच पटलं.

ता. क. २. जागा सुटली होती. नाव माझंच पुकारलं. त्याच्या तासभर आधी सरूबाई तोंड धुवायला गेल्या आणि फोन माझ्याकडे देऊन गेल्या. त्यांचा मुलगा पवन याचा फोन आला, मी घेतला. त्याच्या वडिलांना, निवृत्तीभाऊंना, बुधवारी छातीत कळ आली. तळेगावला दवाखान्यात आहेत, उद्या दुपारी बायपास ठरलं आहे. पण ते आत जायला तयार नाहीत. पवन म्हणाला, "आबा सही करत न्हाईत. सरू आल्याबिगर मला आत न्हिऊ नका म्हनत्यात. डॉक्टर म्हनत्यात, थांबायला नको." ताई, हे तिला बुधवारी संध्याकाळपासून माहीत होतं. गुरुवारी तिने माझं नाव आधी घालायला लावलं. आणि मी तिच्यापुढे तीन दिवस बाजीरावाच्या टोपीचं रडत होतो. मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती. म्हणून नाव पुकारताच मी खिडकीपाशी जाऊन आमची नावं उलटी करून घेतली. तिला सांगितलं, मला दोन तासांनंतरच्या विमानात जागा मिळाली आहे, तेही थेट मुंबई, खिडकीची. असं कुठलंही विमान नाही.

ता. क. ३. तेव्हा पहिली विनंती ही, की पवन त्यांना घ्यायला मुंबईला येणार आहे; तळेगावला जाताना वाटेत ते दोघं तुझ्या दारात उभे राहतील तेव्हा चेहरा नीट ठेव. "मामा मागच्या विमानात आहे, संध्याकाळपर्यंत येतोच," असंच म्हण. खरं कळलं तर ती बाई नवऱ्याच्या खाटेशी बसून माझी काळजी करील. त्यांना थांबवू नकोस, चहा भरून दे, डबा बांधून दे आणि लगेच तळेगावला जाऊ दे. हे फोनवर सांगायचा धीर मला झाला नाही. तू "बरं" म्हणाली असतीस.

ता. क. ४. दुसरी विनंती. रविवारी सगळ्या बायका तुला सांगतील, मुलीच्या आईने अक्षता बघायच्या नसतात, आत तुळशीला पाणी घालत बस. त्यात पुन्हा भावोजी नाहीत म्हणून काहीजणी तुला आणखी मागे सारतील, हेही मला माहीत आहे. बसू नकोस. भटजींनी हाक मारली की तू अश्लेषाचा हात धरून तिला मांडवात आण आणि शेवटच्या अक्षतेपर्यंत तिच्या पाठीशी उभी राहा. सहा वर्षं तिथे तूच उभी आहेस, मी नाही आणि बाजीराव तर नाहीच नाही. कोणी काही बोललं तर मामाने लेखी कळवलंय म्हणून हा फॉर्म दाखव, मागे विमानतळाचा शिक्काही आहे. ताई, आयुष्यात तू माझं एकही ऐकलं नाहीस. एवढं ऐक.