कपडे झटकून उठणारे

ताईस शेंडेफळाचा नमस्कार.

मी मजेत आहे. या आठवड्यात सुपरहिरोंचे चार सिनेमे पाहिले. हल्लीचे काही जमत नाहीत बघ. हिरो विसाव्या मजल्यावरून पडतो आणि कपडे झटकून उठतो! पूर्वीचे निदान चार दिवस लंगडायचे. दोराला लटकून आम्ही ज्या काचा पुसतो, तसल्या हा एका बुक्कीत शंभर फोडतो.

आई गोळ्या वेळेवर घेते ना?

कामाच्या दिवसांत चार सिनेमे कसे, हे तू विचारणारच. अक्षर डाव्या हाताचं आहे. पहिल्याच मजल्यावरून पडलो गं, मनगट तेवढं मोडलं. आईला वाचून दाखवताना सिनेमांपाशीच थांब.

खोलीत बसवत नाही. प्लास्टर निघालं की पुन्हा वर जायचंय, आणि मला खिडकीपाशीसुद्धा जाववत नाही.

तुझा,
सध्यापुरता डावखुरा भाऊ