वाय-फाय चोराचा बंदोबस्त

१ नोव्हेंबर २०२२, सकाळी ७

आजपासून रागावणं बंद. डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही, मी स्वतः ठरवलं म्हणून.

पेन्शनवाल्यांचा महिना लागला. या महिन्यात हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन अडकते. पवनीतले बाकीचे म्हातारे बँकेत लाईन लावतील. मी लावणार नाही. आता मोबाईलवर ॲप आलं आहे. चेहरा दाखवला की सरकारला कळतं, माणूस जिवंत आहे. मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. दहा मिनिटांचं काम. उद्या करतो.

४ नोव्हेंबर

पार्वतानं तिच्या मास्तरकीच्या पेन्शनचा दाखला काल खाटेवर बसल्या-बसल्या काढला. नवऱ्याला विचारलंही नाही. वरून मला म्हणते, "अजी, माह्या फोनवरून तुमचाबी काढून देऊ का?"

नाही म्हटलं. पेन्शन माझी, चेहरा माझा, तर फोनही माझाच पाहिजे.

६ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

ॲप डाऊनलोड होत नाही. चाळीस टक्क्यांवर गोल फिरतो आहे. वाय-फायचे पैसे मी भरतो आणि गोल मलाच दाखवतात!

कारण सापडलं. शेजारची दामिनी, राधाबाईची सून. त्यांच्या घरी हातमाग आहे. ही पोरगी रोज तीन वाजता फोन उभा करून लाईव्हवर कोशाच्या रेशमी साड्या विकते. इकडे माझा गोलही तीन वाजताच फिरायला लागला. याला पुरावा म्हणतात.

७ नोव्हेंबर

चोराचा बंदोबस्त केला. फोनवरून राऊटरच्या आत शिरलो. कोणाकोणाचं यंत्र जोडलेलं आहे त्याची यादी निघाली. तीनच नावं. एक टीव्ही. एक 'पार्वता'. तिसरं नुसतीच अक्षरं आणि आकडे, म्हणजे नाव लपवलेलं. लगेच ब्लॉक केलं.

त्याच क्षणी माझ्या फोनचं वाय-फाय गेलं. बाई हुशार आहे. उलटा वार केला.

९ नोव्हेंबर

फोन बंद-चालू सात वेळा. राऊटर बंद-चालू अकरा वेळा. पासवर्ड टाकला की 'जोडता आले नाही'. टीव्ही चालतो, पार्वताचा फोन चालतो. हल्ला फक्त माझ्यावर आहे.

पार्वता म्हणते, मोबाईल डेटाचं रिचार्ज मारा. घरात वाय-फाय असताना डेटा मारणं म्हणजे घरात विहीर असताना बिसलेरीनं आंघोळ. मारणार नाही.

१२ नोव्हेंबर

कंपनीच्या हेल्पलाईनला फोन केला. सव्वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मुलगी आली. "यादोराव सर, राऊटर बंद करून चालू करा." मी विचारलं, तुझं वय किती? म्हणाली, "सर, तेवीस." म्हटलं, तू जन्मायच्या आधी मी खांबावर चढत होतो. ती म्हणाली, "सर, यादीत कोणाला ब्लॉक केलं आहे का?" म्हटलं, केलं, चोराला केलं, तू मूळ मुद्द्यावर ये.

फोन कटला. बहुतेक मीच कापला.

१६ नोव्हेंबर

पार्वताच्या फोनवरून राऊटरचा पासवर्ड बदलला. कोणालाच सांगितला नाही. आता टीव्हीही बंद आणि पार्वताचा फोनही बंद. चोर पुरता कोंडला.

संध्याकाळी जुना पासवर्ड परत टाकला. पार्वतानं भाजीत मीठ टाकलं नव्हतं आणि विचारल्यावर म्हणाली, "नेट नाही, कसं करा लागते ते दिसलं नाही."

२० नोव्हेंबर, रविवार

आज बोललो. कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

तीन वाजता दामिनीचं "नमस्कार ताई" ऐकू आलं आणि डोकं फिरलं. गल्ली ओलांडली, त्यांच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, दुसऱ्याच्या नेटवर धंदा करायला लाज वाटत नाही का? चोरीचं नेट, चोरीचा धंदा! जरा जोरात म्हटलं. फोनमधून साठ-सत्तर बाया पाहत होत्या हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी म्हटलंच असतं.

 दामिनीनं फोन पालथा ठेवला. आतला माग थांबला. राधाबाई बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, वीस वर्सं झाले शेजारी राहून. तुमाले काहून वाटलं आमी चोर आहो?"

उत्तर माझ्याजवळ होतं. पण पार्वतानं हात धरून घरी आणलं.

२१ नोव्हेंबर

रोज सकाळी राधाबाई आणि पार्वता नदीपर्यंत फिरायला जातात. आज पार्वता एकटी गेली. अर्ध्या वाटेतून परत आली.

मला म्हणाली, "तुमी बोलूच नका."

२२ नोव्हेंबर

दामिनी घरी आली. आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यांचं स्वतःचं कनेक्शन आहे, दोन वर्षांपासून, माझ्यापेक्षा दुप्पट स्पीडचं. मग म्हणाली, "तुमचा फोन द्या, काकाजी."

दिला. तिनं त्यात कुठलासा नंबर शोधला. मग पार्वताच्या फोनवरून राऊटर उघडला आणि दोन्ही फोन शेजारी धरले. "हा तुमी ब्लॉक केलेला नंबर. आन् हा तुमच्या फोनचा. सोताचाच फोन बंद करून बसले तुमी, आन् चोर मले म्हणून राहिले."

तिनं एक बटण दाबलं. फोन टिंग वाजला. पंधरा दिवसांचे मेसेज एकदम पडायला लागले.

पार्वतानं चहा ठेवला होता. दामिनी नको म्हणाली आणि गेली.

माझं मत: कंपन्यांनी फोनला मालकाचं नाव द्यायला पाहिजे. अक्षरं-आकडे काय देतात? दामिनीला सॉरी म्हणणारच होतो, ती फार लवकर निघाली.

२५ नोव्हेंबर

वाय-फाय फुल. ॲप आलं. चेहरा दाखवला. 'डोळे मिचकावा.' मिचकावले. 'चेहरा जुळला नाही.' चौदा वेळा! चौसष्ट वर्षांचा हा चेहरा आणि फोन म्हणतो तुम्ही ते नाही!

पार्वता म्हणते, "तोंड जरा शांत करा. फोनले भेव दाखवून राहिले तुमी." मी शांतच होतो. फोनवर ओरडून सांगितलं की मी शांत आहे.

२९ नोव्हेंबर

बँकेत गेलो. लाईन नव्हती म्हणून गेलो. एक तास उभा होतो ती लाईन नाही, गर्दी होती.

मॅनेजरला सुनवायला कागदावर सात मुद्दे लिहून नेले होते. खिडकीतल्या बाईनं आधार मागितलं, फॉर्मवर सही घेतली आणि शिक्का मारला. चार मिनिटं. माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. मुद्दे खिशातच राहिले.

घरी आलो तर पार्वता म्हणाली, दामिनीनं लाईव्ह बंद केलं आहे. वीस तारखेनंतर दोनदा लावून पाहिलं. लावलं की बाया खाली लिहायच्या, नेट कोणाचं, साडी कोणाची. राधाबाईनं विणलेल्या साड्या घडी करून पेटीत पडल्या आहेत.

हे सगळं ती न रागावता बोलली. तिनं रागवायला पाहिजे होतं. जेवण गेलं नाही.

१ डिसेंबर, संध्याकाळ

धुतलेला शर्ट घातला आणि तीन वाजता त्यांच्या घरी गेलो. दामिनीला म्हटलं, लाईव्ह लाव. जे बोललो ते लोकांसमोर बोललो, आताही लोकांसमोरच बोलतो.

तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या दोरीवर करवती काठाची, दातेरी नक्षीची, एक साडी टाकली, फोन उभा केला आणि मला पुढं उभं केलं.

बोललो. १९८७ पासून सुरुवात केली. खांब, तांब्याची तार, पुरात वाहून गेलेली लाईन, आजच्या कंपन्यांचा निष्काळजीपणा, यंत्रांना नावं नसणं, आणि शेवटी या घराबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये, असं. सहा-सात मिनिटं. आवाज खणखणीत लागला होता. राधाबाईंनी माग थांबवून ऐकलं.

दामिनी फोनकडे पाहत म्हणाली, "काकाजी, नेट गेलं होतं. तुमी उभे राहिले तवाच अडकलं. कोणालेच काई आयकू नाही गेलं. आता आलं. बोला पुन्हा."

मी १९८७ साठी तोंड उघडलं. राधाबाई दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या.

"ही पोरगी चोर नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं."

 तसाच उभा राहिलो. सत्तावीस लोक पाहत होते.  मग पहिली कमेंट आली. दामिनीनं ती मोठ्यानं वाचली.

"काका, बाजूला व्हा, मागचा काठ दिसत नाही."

मी बाजूला झालो.