बापूजींची तारीख

॥ श्री ॥
वाशीम, ता. ९ जानेवारी १९५६, सोमवार

चिरंजीव अमृतलाल यास,
थोरल्या बहिणीचे, हीराजीजीचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तुझं कार्ड पोचलं. बापूजींची तब्येत तू एका ओळीत विचारलीस आणि उरलेलं कार्डभर त्यांचं चालणं. पाऊल टाकताना टाच आधी टेकते की चवडा, डावा पाय अजून अर्धगोल फिरतो का, गुडघा वाकतो का. लकव्यानंतरच्या चालीवरचा तुझा कागद प्रोफेसरांना पसंत पडला, हेही कळलं. पेढे वाटायला सांगितलेस. वाटले नाहीत.

थंडी मरणाची आहे. केनवडच्या प्रेमाबाईच्या मुलीचं जमलं. मुलगा रिसोडचा, किराण्याचं दुकान आहे.

आता तुझ्या चौकशीकडे येते. दिवाळीत लकवा झाला, तरी दुकानातल्या बाबूलालच्या खांद्यावर हात ठेवून बापूजी ओट्यापर्यंत जाऊ लागले होते. पाय फरफटायचा, पण जायचे. महावीर जयंतीला मंदिरात पायी जाणार, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि नाताळच्या सुटीत तू आलास, डॉक्टर व्हायच्या आधीच डॉक्टर होऊन.

मांजरपाटाचं आख्खं ठाण तू ओट्यावर उलगडलंस. गोण्यांवर मार्का मारायची निळी शाई त्यांच्या तळव्यांना फासलीस. ज्या पायांना पाडव्याला आपण डोकं टेकवतो, त्या पायांना! ओट्याखाली अर्धा बाजार गोळा झाला. कापडावरून चालता चालता ते डाव्या अंगावर कलंडले, मी धावले, तर तू माझ्यावरच ओरडलास, "जीजी, धरू नको! ठसे बिघडतील." भिंत होती म्हणून ते पडले नाहीत. भिंतीला शिकायला नागपूरला जावं लागलं नव्हतं.

त्यात गोपीचंदशेठनी खालून विचारलं, "काय चालू हाय रे बापूजीचं?" कापड गुंडाळता गुंडाळता तू ऐटीत म्हणालास, "शेठ, ही माझी केस आहे. बापूजींची केस मी नागपूरला नेऊन राह्यलो."

शहाण्या, हा शब्द तू कोणत्या गावात उच्चारलास? इथे शेंबड्या पोरालाही केस म्हटलं की कोर्ट दिसतं. याच गोपीचंदशेठवर त्यांच्या दोन्ही मुलांनी वाटणीसाठी केस केली, तेव्हा बापूजी सोबत म्हणून दिवसदिवस कोर्टाच्या पायरीवर बसलेले आहेत. तुमच्या कॉलेजात केस म्हणजे रोगी असेल. तो अर्थ अजून अकोल्याच्या अलीकडे आलेला नाही.

तू गेलास त्या संध्याकाळपासून बापूजी खाटेवरून उतरलेले नाहीत. हे तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, परीक्षा आहे तुझी म्हणून. पण तुझं कार्ड वाचलं आणि तो विचार चुलीत गेला.

आम्हाला वाटलं, पायाला लागलं असेल. वैद्यबुवा पाहून म्हणाले, "पाय आखडून चालला बाई. आता नाही चालवलं तर मंग कधीच चालनार नाही." पण खाली पाय टेका म्हटलं की बापूजी चांगला पायसुद्धा पोटाशी घेतात. परवा त्यांच्या टाचेवरची शाई खोबरेल लावून काढत होते, तेव्हा मी पुन्हा विनवलं. जीभ अजून जड आहे. एकेक शब्द जुळवत बोलले,

"ठसा पुन्हा देत नाही. येक तं कोर्टात गेला."

मी म्हटलं, "कोर्ट कायचं बापूजी? अमृत तुमचा इलाज करून राह्यला."

त्यांनी मान हलवली. "त्याले सांग, कबूल हाय. सारं कबूल हाय. म्या काय केलं, तेवढं इचार."

मी महावीरस्वामींची शपथ घेतली. त्यांना वाटतं, लेक मन राखते आहे. बाबूलालनं सांगून पाहिलं. गोपीचंदशेठ बिचारे समजावायला आले, तर ते तुझे साक्षीदार आहेत असं समजून बापूजींनी भिंतीकडे तोंड केलं. ज्यानं केस केली त्यानंच ती मागे घ्यायची असते, एवढा कायदा ते शिकलेले आहेत.

तुझ्या कागदात डावा पाय कसा पडतो, उजवा कसा पडतो, सगळं असेल. आता हेही लिही की रोगी चालायचा थांबला. काहून थांबला, तेही लिही. प्रोफेसरांना पसंत पडतं का पाहा.

परीक्षेची सबब मला सांगू नकोस. अकोल्याहून सकाळची मोटार आहे. शाई आणू नकोस, वही आणू नकोस. त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहा आणि कलंडले तर धर.

बापूजी रोज विचारतात, "तारीख कोन्ती हाय?" पहिल्यांदा मी कॅलेंडर पाहून सांगितली. मग कळलं, ते कोर्टातल्या पेशीची तारीख विचारत होते. काल त्यांनी बंद गळ्याचा कोट आणि पगडी काढून ठेवायला लावली. मुलासमोर उभं राहायचं तर नीट कपड्यात, म्हणून.

मी त्यांना रविवार सांगितला आहे.

तुझी
हीराजीजी